कोंबडीच्या अंड्याचा खोका: वीत अन् चार बोटं

माझ्या माहेरच्या माळवदाच्या घरात चुलीजवळच्या भिंतीत एक देवळी आहे. घरात वीज आली, कंदील माळ्यावर गेला आणि देवळी रिकामी पडली. मग एका गावरान कोंबडीनं तिचा ताबा घेतला. रोज न्याहारीच्या वेळेला ती उंबरा ओलांडून आत यायची, रांजणाच्या झाकणावर उडी मारायची आणि तिथून देवळीत. आत गेली की दोनदा गोल फिरायची, छातीनं खालचा भुसा बाजूला सारून खळगा करायची आणि दाराकडं तोंड करून बसायची. शेपटी मागच्या भिंतीला टेकलेली, पंख दोन्ही बाजूंना घासणारे. माय हाकलायला उठली की आजी म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं, तिला मनासारखी जागा गावली हाय."

गेल्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा त्या देवळीला टेप लावला. रुंदी ११ इंच, आत १२ इंच, उंची १४ इंच. कोंबडीपालनाच्या जवळजवळ प्रत्येक माहितीत अंडं घालायच्या खोक्याचं माप १२ बाय १२ बाय १२ इंच असं दिलेलं असतं. त्या कोंबडीनं टेप न लावता ते शोधलं होतं.

हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असूनही लग्नानंतर मी स्वतः सहा वनराजा (परसात पाळायची थोराड जात) कोंबड्या घेतल्या तेव्हा सुताराकडून दोन फूट लांब-रुंद असा एकच मोठा खोका करून घेतला. मुक्या जिवाला ऐसपैस जागा द्यावी, एवढीच भावना होती. पहिल्या आठवड्यात सगळं ठीक चाललं. नंतर सकाळी नऊच्या सुमाराला तीन-तीन कोंबड्या एकदम आत शिरायला लागल्या. एकीचं अंडं दुसरीच्या पायाखाली. अंडं तडकलं, पिवळं बाहेर आलं, एकीनं चोच मारली. चार-पाच दिवसांत दोन कोंबड्यांना अंडी फोडून खायची सवय लागली आणि ती सवय मोडायला मला दोन महिने लागले. संध्याकाळी त्यातल्या दोघी तिथंच झोपायच्या, सकाळी भुसा विष्ठेनं लिडबिडलेला असायचा आणि त्यावर घातलेलं अंडं धुतल्याशिवाय हातात धरवत नसे.

म्हणून सांगते, खोका लहान झाला तर नुकसान होतंच, पण आपल्याकडं लोकांची जास्त चूक होते ती खोका मोठा करण्यात.

कोंबडीला अडचणीची जागा का लागते, ते समजलं की माप पाठ करायची गरज उरत नाही. आपल्या सगळ्या कोंबड्यांची मूळ आजी म्हणजे लाल रानकोंबडी. ती झुडपाच्या बुडाशी, गवताच्या आडोशाला, जमिनीवरच्या खळग्यात अंडी घालते. अंडं घालताना ती पळू शकत नाही, तेव्हा तीन बाजूंनी झाकलेलं आणि एका बाजूनं दिसणारं ठिकाण तिला हवं असतं. पिढ्यान्पिढ्या खुराड्यात वाढलेल्या कोंबडीतही ही भीती तशीच आहे. अंडं यायच्या आधी ती अस्वस्थ होते, कोपरे धुंडाळते, कडब्याच्या बुचाडात डोकं घालून बघते, कण्हल्यासारखा आवाज काढते. आत शिरल्यावर ती जी गोल फिरते, ते खळग्याला स्वतःच्या अंगाचा आकार देण्यासाठी. भिंती अंगाला लागल्या की तिचा जीव शांत होतो. शेवटच्या क्षणी ती अर्धवट उठून उभी राहते आणि अंडं खाली पडतं. त्या वेळी कवच ओलसर असतं, काही क्षणांत वाळतं.

यातूनच खोक्याच्या तीन कसोट्या निघतात. कोंबडीला आत पूर्ण वळता आलं पाहिजे. बसल्यावर दोन्ही बाजूंना चार बोटांपेक्षा जास्त मोकळी जागा राहता कामा नये. आणि अर्धवट उठल्यावर डोकं छताला लागता कामा नये. वळता आलं नाही तर ती तोंड आत आणि शेपटी बाहेर अशी बसते, मग अंडं उंबऱ्यावर पडतं नाहीतर सरळ खाली. बाजूला जास्त जागा राहिली तर दुसरी शेजारी येऊन बसते आणि माझ्याकडं झालं ते होतं.

आता जातीनुसार. आपली गावरान कोंबडी किलो-सव्वा किलोची, फार तर दीड. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची कडकनाथ साधारण तेवढीच. हिला १० ते १२ इंच रुंदी भरपूर झाली. टेप नसेल तर हाताची वीत लावा. मोठ्या माणसाची वीत नऊ इंचांच्या आसपास भरते आणि चार बोटं म्हणजे तीन इंच. वीत अन् चार बोटं झाली की एक फूट. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसातल्या पालनासाठी तयार केलेली वनराजा मादी दोन-अडीच किलोपर्यंत भरते. बेंगळुरूकडून आलेली गिरिराजा अंगानं तशीच थोराड, आणि आरआयआर म्हणजे ऱ्होड आयलंड रेडही वजनदार. यांना १४ इंच रुंदी, १४ इंच खोली आणि १४ ते १६ इंच उंची द्या. रुंदीला दीड वीत आणि वर एक बोट धरलं तरी चालेल. ग्रामप्रिया ही वनराजाची हैदराबादचीच बहीण, पण अंड्यांसाठी काढलेली आणि अंगानं हलकी. तिला एक फुटाचा खोका पुरतो. घरात मिसळ कोंबड्या असतील, आणि बहुतेकांकडं असतातच, तर सगळ्यात मोठ्या कोंबडीचं माप धरू नका. दोन खोके एक फुटाचे आणि एक चौदा इंची ठेवा. कोण कुठं जायचं ते त्या ठरवतात.

हे सगळं माप आतलं. सुताराला "एक फुटाचा खोका" सांगितलं की तो बाहेरून एक फूट धरतो. १८ मिलिमीटरचा प्लाय लावला तर दोन्ही भिंती मिळून जवळजवळ दीड इंच जातो आणि आत साडेदहाच उरतात. वरून तीन इंच भुसा टाकला की बारा इंचांच्या उंचीतले नऊ राहिले. गावरान कोंबडी त्यात कशीतरी भागवेल, वनराजाचं डोकं मात्र छताला लागेल आणि ती खोका सोडून गव्हाणीत जाऊन बसेल. उंची मोजायची ती भुश्याच्या वरून.

विकतचा खोका घ्यायलाच पाहिजे असं नाही. घरात पडलेल्या वस्तूंची मापं मी घेतली आहेत. खाद्यतेलाचा पंधरा किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा आडवा केला तर तोंड सव्वानऊ-साडेनऊ इंचांचं आणि आत पावणेचौदा-चौदा. लहान चणीच्या गावरान कोंबडीला तो चालतो, वनराजाला अजिबात नाही. शिवाय पत्र्याची कापलेली कड हातोडीनं आत दुमडून घ्यावी लागते, नाहीतर पोटाखालची कातडी चिरते. टोमॅटोचा प्लॅस्टिक क्रेट कुशीवर ठेवला तर तोंड साधारण २१ इंच रुंद आणि १४ इंच उंच, खोली ११ इंचांच्या आसपास. एवढा रुंद क्रेट एका कोंबडीला मोठा. मध्ये फळी मारली की गावरान कोंबडीचे दोन खण तयार. भारी कोंबडीसाठी फळी मध्यावर न मारता १४ इंचांवर मारा आणि उरलेल्या भागात भुशाची पिशवी ठेवा. खोली तीन इंचांनी कमी पडते, तेवढी पुढं पट्टी जोडून वाढवता येते. क्रेटला जाळी असल्यामुळं हवा छान खेळते, पण उजेडही येतो, म्हणून मागून आणि बाजूंनी गोणपाट शिवून टाकायचं. रंगाची वीस लिटरची बादली आडवी केली तर तोंड फूटभर आणि खोली त्याहून थोडी जास्त, माप अगदी बरोबर. फक्त ती लोळते. दोन्ही बाजूंना विटा लावल्याशिवाय कोंबडीचा तिच्यावर विश्वास बसत नाही, आणि एकदा हललेल्या जागेत ती पुन्हा जात नाही.

किती खोके लागतात? चार कोंबड्यांमागं एक. युरोपियन युनियनच्या १९९९ च्या नियमांत वेगळी घरटी असतील तर सात कोंबड्यांमागं एक एवढं किमान धरलं आहे. आपल्याकडं मी चारच धरते. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसते कवच चढायला. बहुतेक कोंबड्या सकाळपासून दुपारच्या आत अंडं घालतात, म्हणजे गर्दी एकाच वेळेला होते. एकेक जण अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त आत बसते. उन्हाळ्यात ताटकळलेली कोंबडी तेवढा वेळ थांबत नाही, सावलीतला मिळेल तो कोपरा धरते. कोंबड्या तीनच असल्या तरी खोके दोन ठेवा, कारण एक खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली की तो खोका तिचाच. आणि चार खोके ठेवल्यावर सगळ्या जणी एकाच खोक्यासमोर रांग लावून उभ्या दिसल्या तर घाबरू नका. जिथं आधीचं अंडं दिसतं तिथंच घालावंसं त्यांना वाटतं. म्हणून तर आपल्या बायका सगळी अंडी उचलताना एक मागं ठेवतात. खरं अंडं ठेवलं तर ते नासतं, त्यापेक्षा लाकडाचं किंवा खडूचं गुळगुळीत अंडं करून प्रत्येक खोक्यात ठेवा.

खोक्याला पुढं उंबरा हवा, चार इंचांचा. त्यामुळं भुसा आणि अंडं आत राहतं. उंबऱ्याच्या बाहेर पाय टेकायला एक दांडी किंवा फळी द्या. गावरान कोंबडी दोन-अडीच फूट सहज उडते. वनराजाला एवढ्या उंचीवरून रोज उडी मारायला लावली तर तळपायाला गाठ येते, तिचा खोका एक-दीड फुटावरच ठेवा. मात्र कोंबड्या रात्री ज्या दांडीवर बसतात, तिच्यापेक्षा खोका खाली असला पाहिजे. झोपायला कोंबडी सगळ्यात उंच जागा निवडते. खोका उंच असला की ती खोक्यात झोपणार आणि रात्रभराची घाण आत साठणार. वरचं छप्पर उताराचं ठेवा, म्हणजे त्यावरही बसता येत नाही.

मराठवाड्यातल्या उन्हाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला पाहिजे, कारण खोक्याची बहुतेक माहिती थंड मुलखात लिहिलेली असते. तिथं खोका चहूबाजूंनी बंद आणि उबदार करायला सांगतात. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. कोंबडीच्या अंगाचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास, आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं हा अंगातली उष्णता बाहेर काढायचा तिचा मुख्य मार्ग. चारी बाजूंनी बंद खोक्यात तिच्याच श्वासानं हवा दमट होते आणि धापांचा उपयोग कमी होतो. ती उठून बाहेर येते, अंडं कुठंही पडतं, किंवा ती तशीच बसून राहते आणि मान टाकते. आमच्या गल्लीत एका घरी पत्र्याच्या खोक्यात बसलेली कोंबडी दुपारी दोन वाजता अशीच मेलेली सापडली. खोक्याला पश्चिमेचं ऊन लागत होतं. तिथं हात लावला तर चटका बसत होता.

म्हणून इथं खोका पत्र्याचा असेल तर तो सावलीतच हवा आणि वर बारदान टाकलेलं हवं. लाकूड किंवा विटा केव्हाही बऱ्या. मागच्या भिंतीला वरच्या कडेला, छताच्या अगदी खाली, इंचभर व्यासाची चार-पाच भोकं पाडा. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते, भोकं डोक्याच्या वर असल्यानं अंधारही टिकतो. खोक्याची पाठ पश्चिमेकडं नको, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला लावा. खुराड्याच्या पत्र्याला बाहेरून चुना मारला की आतला फरक हाताला कळतो. पुढं पडदा लावायचा असेल तर गोणपाटाचा, मधोमध चिरलेला, उंबऱ्याच्या वर वीतभर संपणारा. उन्हाळ्यापुरतं माप एखाद्या इंचानं वाढवलं तरी हरकत नाही, पण ती वाढ उंचीत करा, रुंदीत नको.

उन्हाचा दुसरा परिणाम अंड्यावर होतो. कळपात कोंबडा असेल तर अंडी फळलेली असतात. वीस-एकवीस अंशांच्या वर त्यांच्यातला गर्भ हळूहळू वाढायला लागतो, आणि आपल्या उन्हाळ्यात खोकाच उबवणीची पेटी होऊन बसतो. दुपारपर्यंत आणि संध्याकाळी अशी दोनदा अंडी उचलली नाहीत तर दोन-तीन दिवसांनी फोडलेल्या अंड्यात लाल शीर दिसते आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

आत घालायला गव्हाचं भुसकट, वाळलेलं मऊ गवत, रंध्याच्या ढलप्या, उसाचं बारीक केलेलं पाचट, जे हाताशी असेल ते. थर दोन-तीन इंचांचा. सोयाबीनचं भुसकट आपल्याकडं ढिगानं पडलेलं असतं, पण त्याच्या काड्या टोचतात. कोंबडी त्यात एकदा बसते आणि उठते. कापूस तर घालूच नका. ओल धरतो आणि त्याचे धागे बोटांना गुंडाळून करकचतात. करवतीचा अगदी बारीक भुसाही नको, नाकात जातो. पावसाळ्यात आठवड्याला भुसा बदला, बुरशीचा वास आला तर त्याच दिवशी. थराखाली कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरायची आमच्याकडं रीत आहे, मीही पसरते.

बरोबर मापाच्या खोक्यात महिनोन्‌महिने जाणारी कोंबडी एक दिवस अचानक आत पाय टाकत नसेल, तर माप बदलू नका. रात्री बॅटरी घेऊन खोक्याच्या फटी बघा. कोंबडीची गोचीड दिवसा फळ्यांच्या सांध्यात लपते आणि रात्री रक्त प्यायला निघते. बारीक लाल माइट किड्यांचंही तसंच. खोका बाहेर काढून, भुसा जाळून, फटींत चुना भरून दोन दिवस उन्हात तापवला की कोंबड्या परत येतात. लाकडी खोक्याला जितके सांधे कमी, तितका हा त्रास कमी.

रवणावर, म्हणजे पिलं काढायला अंड्यांवर, बसणाऱ्या कोंबडीचं गणित वेगळं. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते. २१ दिवस ती एका जागेवर काढणार, पोटाखाली दहा-बारा अंडी, ती रोज चोचीनं उलटायची. इथं एक फुटाचा खोका तोकडा पडतो. दीड फुटाची टोपली किंवा जुनं घमेलं, खाली मातीचा थर, वर भुसा, आणि बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळा अंधारा कोपरा. जमिनीवरच ठेवा, पिलं उंचावरून खाली पडतात. साप-मुंगसाची भीती असेल तर रात्री वरून डालं पालथं घालून त्यावर दगड. तिला अंड्याच्या खोक्यातच बसू दिलं तर दुसऱ्या कोंबड्या तिच्या अंगावर चढून अंडी घालत राहतात, आणि एकविसाव्या दिवशी कुठलं अंडं कधीचं, याचा पत्ता लागत नाही.

खोका कधी ठेवायचा? तलंगांनी, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांनी, पहिलं अंडं घालायच्या दोन-तीन आठवडे आधी. अंड्याच्या जातीच्या असतील तर सोळाव्या आठवड्याच्या सुमाराला, गावरान असतील तर पाच महिन्यांच्या झाल्या की. तुरा लालबुंद झाला आणि पाठीवर हात ठेवताच ती पंख पसरून खाली बसायला लागली, तर फार दिवस राहिले नाहीत असं समजा. सुरुवातीला संध्याकाळी खोक्याच्या तोंडावर फळी लावा आणि पहाटे काढा, म्हणजे तिथं झोपायची सवय लागत नाही. पहिली पाच-सहा अंडी जिथं पडतात, ती जागा कोंबडी धरून बसते. एकदा तिनं बुचाड धरलं की तिथून सोडवणं फार अवघड.

आणि सुताराला पैसे द्यायच्या आधी किराणा दुकानातून पुठ्ठ्याचे दोन खोके आणा, एक फूटभराचा आणि एक त्याहून दोन इंचांनी मोठा. दोन्ही शेजारी शेजारी, सावलीत, तोंडाला चार इंचांची पट्टी ठेवून, सारखाच भुसा घालून. चार दिवस सकाळी आठ ते अकरा लांबून बघत बसा. कुठल्या खोक्यात कोंबडी गोल फिरून टेकते, कुठल्यात नुसती डोकावून परत येते, कुठल्यात दोघी एकदम शिरतात, हे डोळ्यांसमोर दिसेल. मग ज्यात ती टेकली त्या खोक्याला आतून टेप लावा आणि तोच आकडा सुताराला कागदावर लिहून द्या.